अर्धी यादी

९ मार्च, रविवार

सकाळी साडेसहाला उठले. नदीकाठच्या रस्त्याने आठ किलोमीटर चालून आले. एक तास चाळीस मिनिटं. बूट उजव्या टाचेला लागतात. आल्यावर कपडे धुतले, भात लावला, जेवले. दुपारी दादा-वहिनी येऊन गेले.

ही वही ताईची. पहिल्या पानावर तिने 'किनारा' एवढंच लिहिलंय, पुढे सगळी कोरी. रोज चालून झाल्यावर दोन ओळी लिहायच्या असा तिचा बेत होता. लिहिण्याची हौस तिला, मला नाही. पण कोरी वही नुसती ठेवून काय करायचं, म्हणून तयारीचे दिवस मी लिहून ठेवते.

बेत असा. आठ मेला विमान. परदेशातला समुद्रकिनारा, एका दीपगृहापासून दुसऱ्या दीपगृहापर्यंत कड्यांवरून जाणारी पायवाट, एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, तेरा दिवस. आम्ही दोघी बहिणी जाणार होतो. तिकिटं नोव्हेंबरात काढली. डिसेंबरात ताई भाजी घेऊन येताना जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली, ती उठलीच नाही.

वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, समुद्रच बघायचाय ना? गाडी करू. सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. एवढ्या लांब एकटीने जाऊन पाय कशाला झिजवायचे?"

दादा म्हणाला, "धाकटे, तिकीट रद्द होतं का बघ."

मी म्हणाले, बघते.

त्यांच्याकडची मागची खोली त्यांनी माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. हे घर ठेवायचं की सोडायचं ते एप्रिलअखेर घरमालकाला कळवायचंय. मागची खोली चांगली आहे. खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे उन्हाचा त्रास नाही.

१२ मार्च, बुधवार

आमच्या कार्यालयात दुकानदार आपले काटे आणि वजनं तपासून घ्यायला आणतात. मी तपासते आणि सही करते, शिक्केवाले शिक्का मारतात. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलंय.

जेवणाच्या सुट्टीत लहान काट्यावर मोजे ठेवले होते. शिक्केवाले येऊन उभे राहिले.

"बाई, शिक्का मारू का मोज्यांवर?"

"नको. धुतल्यावर वजन बदलतं."

"मग निदान सही करा."

एक जोड चौऱ्याऐंशी ग्रॅम, दुसरा त्र्याऐंशी. एकाच दुकानातले असून.

सामानाची आमची एक पद्धत आहे. पहिल्या सफरीच्या वेळी सॅक भरण्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, स्टँडवर, लोकांसमोर. तेव्हापासून ताई एका कागदावर सगळी यादी लिहायची, डावीकडे 'थोरली', उजवीकडे 'धाकटी', आणि कागद मधोमध फाडून माझी पट्टी मला द्यायची. आपापलं भरायचं. दुसरीच्या सॅकमध्ये नाक खुपसायचं नाही. एकोणीस वर्षं हे चाललं आणि सॅकवरून परत भांडण झालं नाही. भांडायला बाकीचे विषय होतेच.

या सफरीची माझी पट्टी तिने नोव्हेंबरातच दिली होती. सव्वीस वस्तू. आजपर्यंत नऊ झाल्या.

१८ मार्च, मंगळवार

व्हिसासाठी अर्धा दिवस रजा. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट केले.

"अर्ज दोघींचा दिसतोय. दुसऱ्या कुठेयत?"

"त्या येत नाहीयेत."

"अरेरे. रजा नाही मिळाली?"

"नाही."

"पुढच्या वेळी जा मग दोघी मिळून."

हो म्हणाले. खरं सांगायला हरकत नव्हती. मागे रांग होती.

३० मार्च, रविवार

यादी पूर्ण झाली. सव्वीसच्या सव्वीस गोष्टींवर खुणा केल्या. चार वेळा तपासली. भरलेली सॅक पाच किलो आठशे चाळीस ग्रॅम. तेरा दिवसांच्या सफरीला एवढी हलकी सॅक मी कुणाची पाहिली नाही.

बूट चांभाराकडून ताणून आणले, आता लागत नाहीत. सॅक घेऊन आठ किलोमीटर चालले, एक तास त्रेचाळीस मिनिटं. फक्त तीन मिनिटांचा फरक.

ताईला सॅक घेऊन चढ झेपत नसे. मी वर पोचून वाट बघत बसायचे. "तुझ्या पायांना चाकं लावलीत की काय गं," असं धापा टाकत म्हणायची. मी तिला वजन कमी कर म्हणायचे, म्हणजे अंगाचं. ती हसायची आणि बिस्किटाचा पुडा काढायची.

मी एकटी जाऊ शकेन असं वाटतंय. खरं तर ताईमुळे मला रोज उशीर व्हायचा. हे लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय.

५ एप्रिल, शनिवार

सरावाला म्हणून तलावाकाठी एक मुक्काम करायचं ठरवलं होतं. दोन तास बस. तिथे तंबू लावायला मैदान आहे आणि एक राखणदार आहे. चारच्या सुमारास पोचले. बाकी कुणी नव्हतं. तंबू पसरला आणि सॅक रिकामी केली. मग परत भरली आणि परत रिकामी केली.

राखणदार लांबून बघत होता, तो जवळ आला.

"बाई, तंबू उभा राहायला काठ्या लागतात."

"माहीत आहे."

"मग?"

"त्या दुसऱ्या सॅकमध्ये आहेत."

"ती कुठाय?"

"घरी."

"आणि घर?"

"दोन तासांवर."

तो तंबूभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "मग आता पांघरूनच घ्या की." आणि स्वतःच हसला. मलाही हसू आलं असावं, कारण तो म्हणाला, "चला, निदान चहा घ्या."

पातेलं माझ्याकडे होतं. शेगडी नव्हती. चहा त्याच्या चुलीवर झाला.

माझ्या पट्टीवर 'तंबू' लिहिलंय, म्हणून मी तंबू भरला. मुक्कामाला पोचलं की मी पाणी आणायला जायचे. परत येईपर्यंत तंबू उभा असायचा आणि पाणी तापायला ठेवायची तयारी झालेली असायची. काठ्या कुठून येतात हे मला कधी बघावं लागलं नाही.

साडेपाचच्या बसने परत आले. बसमध्ये आठवत गेले. काठ्या, खुंट्या, शेगडी, नकाशा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक. यातलं काहीच माझ्याकडे नाही. मी अर्धी यादी चार वेळा तपासली.

६ एप्रिल, रविवार

ताईची सॅक तिच्या कपाटावर आहे. ती कायम भरलेलीच असायची. एका सफरीहून आली की कपडे धुऊन लगेच पुढच्यासाठी भरून ठेवायची.

आज काढायची होती. पण पंखे पुसायचे राहिले होते ते पुसले, मग भांड्यांचं फडताळ लावलं. वेळ झाला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

शिक्केवाल्यांना तलावाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "उद्या ती सॅक इकडे घेऊन या. आधी वजन करू, मग उघडायचं की नाही ते बघू."

आम्ही वजन करण्यापलीकडे दुसरं काही जाणत नाही. पण घरी एकटीने उघडण्यापेक्षा ते बरं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सॅक कपाटावरून काढताना खांद्यावर आदळली. बस स्टॉपपर्यंत नेताना दोनदा खाली ठेवावी लागली. चार महिने व्यायाम करूनही.

कार्यालयाच्या दारात शिक्केवाल्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जवळजवळ खाली टाकली.

"बाई, यात आपली पितळी वजनं भरलीत की काय?"

मोठ्या काट्यावर ठेवली. दहा किलो तीनशे.

उतरवली. काटा शून्यावर आहे ना बघितलं. परत ठेवली. दहा तीनशे. शेजारच्या काट्यावर नेली. दहा तीनशे. मग एका दुकानदाराचा काटा तपासून बाजूला ठेवलेला होता, त्याच्यावर ठेवली.

"तिन्ही काटे तुम्हीच तपासलेत," शिक्केवाले हळूच म्हणाले. "शिक्के माझे आहेत."

त्यांनी सॅक उतरवून भिंतीशी ठेवली आणि मला चहा आणून दिला. साखर बरोबर घातली होती. त्यांना कसं माहीत कोण जाणे. दिवसभरात सतरा काटे तपासले. सगळे बरोबर निघाले.

१३ एप्रिल, रविवार

लिहूनच टाकते.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही खिंडीच्या वाटेने गेलो होतो. मी वर पोचले आणि चाळीस मिनिटं थांबले. घड्याळ बघत होते, म्हणून आकडा नक्की आहे. ताई वर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. मी म्हणाले, "ताई, बस चुकली तर तुझ्यामुळे." ती म्हणाली, "हो गं, चल, निघूच." बसलीसुद्धा नाही. बस चुकली नाही. स्टँडवर आम्ही वीस मिनिटं बसून होतो.

तेव्हाच तिला काही होत होतं का, असं मी डिसेंबरात डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. पण खिंडीतली चाळीस मिनिटं मी त्यांना सांगितली नव्हती.

रोज लोकांचे काटे आणि वजनं तपासून देते. उंचीने तिच्या खांद्याइतकी असलेली मी, एकोणीस वर्षं तिच्या पुढे चालले आणि तिच्या पाठीवर काय आहे ते एकदाही उचलून बघितलं नाही. नाक खुपसायचं नाही असं ठरलं होतं, हे खरं आहे. पण ते मला सोयीचंही होतं.

१४ एप्रिल, सोमवार

दादाला फोन केला. जात नाही म्हणून सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, "विचारा, पडदे कुठल्या रंगाचे हवेत."

निळे म्हणाले. समोर भिंतच आहे.

१९ एप्रिल, शनिवार

वहिनी आली होती. इथल्यातलं काय न्यायचं, काय टाकायचं, ते ठरवायला. ती कामाची बाई आहे. दोन तासांत स्वयंपाकघर उरकलं. ताईच्या खोलीच्या दारात मात्र थांबली.

"ती सॅक तुम्हीच बघा हं वन्सं. माझ्याच्याने नाही व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या वन्संनी पहिल्यांदा मला विचारलं होतं, चालायला येतेस का. मी म्हटलं, मला वेड लागलंय का!" आणि ओट्याजवळ जाऊन उगीच नळ चालू-बंद करत राहिली.

ती गेल्यावर सॅक उघडली. वरच्या खणात कागदाची डावी पट्टी होती. एकेचाळीस वस्तू. काठ्या, खुंट्या, शेगडी, पाण्याची गाळणी, दोरी, नकाशे. पुढे नुसतं 'धाकटी' होतं. धाकटीचे जादा मोजे, एक जोड. धाकटीचा जादा चष्मा. घोट्याची पट्टी, धाकटीच्या. बस लागते म्हणून आल्याच्या गोळ्या. बिस्किटाचे पुडे, सहा. सगळ्यात शेवटी: निघायच्या आदल्या दिवशी धाकटीला नखं कापायला लावणे.

उतारावर बुटात बोटं पुढे आपटतात, नखं काळी पडतात. दर सफरीला ती आठवण करायची आणि दर सफरीला मी म्हणायचे, मी काय लहान आहे का.

नकाशाच्या मागच्या बाजूला तेरा दिवसांच्या वेळा लिहिल्यात. दोन रकाने आहेत, थोरली आणि धाकटी. पहिला दिवस, चौदा किलोमीटर, नऊला निघणे: धाकटी १२.००, थोरली १२.५०. दुसरा दिवस: धाकटी १.१०, थोरली २.१५. असं तेरा दिवस. एकाही दिवशी दोघींची वेळ एक नाही. मी पुढे जाणार आणि थांबणार हे तिने नुसतं धरूनच ठेवलं होतं, ओहोटीची वेळ धरावी तसं.

नवव्या दिवशी एक खाडी आहे, ओहोटीतच ओलांडता येते. तिथे लिहिलंय: 'ओहोटी दीडला. धाकटी बारालाच पोचेल आणि पाण्यात उतरायला बघेल. आदल्या रात्रीच बजावणे, मी येईपर्यंत बसून राहा.'

घाई करायचा माझा स्वभाव नाही, हे ताईला शेवटपर्यंत पटलं नाही.

२० एप्रिल, रविवार

दोन्ही सॅकमधलं सामान तिच्या सॅकमध्ये घातलं. तिचे कपडे बाहेर काढले, तिची झोपायची पिशवी बाहेर काढली, एक कप बाहेर काढला. बिस्किटाचे तीन पुडे ठेवले. एकटीसाठी लहान तंबू मिळतो असं दुकानदार म्हणत होता. नको. नऊ किलो सहाशे पन्नास.

सॅक चढवली आणि नदीकाठच्या रस्त्याने आठ किलोमीटर गेले. पाचव्या किलोमीटरला खांदे भरून आले. सातव्याला बाकावर बसले. सगळे मिळून दोन तास दहा मिनिटं.

घरी येऊन हिशेब केला. या चालीने चौदा किलोमीटरला तीन तास सत्तेचाळीस मिनिटं. नऊला निघाले तर बारा सत्तेचाळीस. परत केला. बारा सत्तेचाळीस. म्हणजे थोरलीचा रकाना.

जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागला. डिसेंबरपासून मी तिथून भरभर जाते. आज सॅकसकट पायरीवर बसले. तिथून खालच्या अंगणातलं लिंबाचं झाड दिसतं. मला माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी वर येत होत्या. "काय गं, बरं नाही का?" म्हणाल्या. बरं आहे म्हणाले, दम खातेय. त्या थोडा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

तिकीट अजून रद्द केलेलं नाही. आज करते उद्या करते म्हणत राहिलंय.

२७ एप्रिल, रविवार

दादाकडे जेवायला गेले होते. सॅक घेऊनच गेले, चालत. जेवण झाल्यावर नकाशा पसरून सांगितलं. आठ तारखेला जातेय, आणि घर ठेवतेय, घरमालकांना काल कळवलं.

वहिनी म्हणाली, "पडदा शिवून झालाय हो!"

"आल्यावर बघते. सुंदर असेल."

"आणि ती खाडीबिडी? बुडालात म्हणजे?"

"एकट्या माणसाने ओलांडायची नाही असं नकाशावरच छापलंय. वरच्या बाजूला पूल आहे. चौदा किलोमीटर जास्त पडतात. ताईने शेवटी दोन दिवस मोकळे ठेवले होते, समुद्राकडे नुसतं बघायला. त्यातला एक जाईल."

"चौदा किलोमीटर जास्त!" वहिनीने कपाळाला हात लावला. "हौस म्हणते मी!"

दादाने हात पुसले. मग उठून सॅकजवळ गेला.

"किती आहे?"

"नऊ सहाशे पन्नास."

"ताईची?"

"दहा तीनशे."

त्याने ती एका हाताने उचलली, मग दोन्ही हातांनी, आणि खाली ठेवली. ठेवल्यावरही पट्टा हातात धरून वाकलेलाच राहिला. मला वाटतं, कंबर धरली असावी त्याची. वहिनी त्याला तेल लावून देते म्हणाली.

निघताना म्हणाला, "धाकटे, हळू चाल."

२ मे, शुक्रवार

कार्यालयातला रजेआधीचा शेवटचा दिवस. शिक्केवाल्यांनी विचारलं, परत कधी. सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला आपला शिक्का मारला. सरकारी शिक्का असा वापरू नये.

७ मे, बुधवार

कडधान्याचे डबे घट्ट लावले. गॅस बंद केला. फडताळाची वरची फळी पुसायची राहिली होती ती पुसली. झाडांच्या कुंड्या खालच्या आजींकडे दिल्या.

दुपारी तंबू बैठकीच्या खोलीत उभा करून बघितला. काठी वाकवताना दुसरं टोक कुणाला तरी धरावं लागतं. ते कपाटाच्या पायाशी अडकवलं. तिसऱ्या खेपेला जमलं. बावीस मिनिटं. ताईला किती लागायची माहीत नाही, मी पाण्याला गेलेली असायचे. परत मोडून सॅकमध्ये घातला.

नवी यादी केली आहे. एक अख्खं पान, एकच रकाना. लिहून झाल्यावर सवयीने मधोमध घडी घातली, ती परत सरळ केली. पान सॅकच्या वरच्या खणात, दोन्ही पट्ट्यांबरोबर ठेवलं. एक सोडून सगळ्या गोष्टींवर खुणा झाल्यात.

सकाळी सहाला गाडी येईल.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि पायाची नखं कापली. डाव्या पायाची आधी, मग उजव्या. उजव्या करंगळीपर्यंत नीट हात पोचत नव्हता, ती शेवटी कापली. कागद गुंडाळून टाकला. खूण केली.